बंधावरची मच्छरदाणी

ऐका. पोरांना जवळ घ्या, कंदिलाची वात खाली करा, आणि कुणाला बाहेर जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या. नंतर कुणी उठणार नाही.

अवसेची रात्र होती. दिवेलागण कधीच झालेली. खारवणवाडीचा पुरसो खाडीवरून घरी निघाला. डोक्यावर माशांची पाटी, खांद्यावर ओली मच्छरदाणी. हो, मच्छरदाणीच. जाळं नव्हे.

पुरसोला तीन महिन्यांची लेक होती, चंपू. तिच्यासाठी आरोग्यवाल्या बाईंनी ती मच्छरदाणी दिली होती. बायकोनं, शेवंतीनं, सकाळी धुऊन दांडीवर घातली आणि ह्यानं गुपचूप काखेत मारली. का? तर आठ दिवस ह्याच्या जाळ्यात पाला सोडून काही येत नव्हतं. येणार कुठून? आदल्या वर्षी वाडीनं काठावरचा कांदळ तोडून चुलीत घातला. माशांची पिल्लं वाढायची ती त्या झाडांच्याच मुळांत. लपायला जागा उरली नाही, मोठा मासा दिसेनासा झाला. मग जो तो बारीक जाळी लावायला लागला. आणि पुरसोनं सगळ्यांवर ताण केली. ओहोटीच्या धारेत दोन बांबू रोवले आणि लेकीची मच्छरदाणी बांधली.

पाटी भरली की हो! बोटभर बोय, करंगळीएवढी तांबोशी, नखाएवढ्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे. निम्मे अजून वळवळत होते. पहाटे कोंबड्यांच्या खाद्याचा टेंपो येतो, त्यात घालू म्हणाला. आणि जवळची म्हणून खारबंधाची, म्हणजे खाडीच्या बांधावरची, वाट धरली. एका बाजूला खाजणाची दलदल, दुसऱ्या बाजूला चढती भरती. मध्ये हा एकटा.

थोडं चालला. बंधावर एक बगळा उभा. आता अवसेच्या काळोखात बगळा काय करतो, हे पुरसोनं विचारायला हवं होतं. त्यानं नाही विचारलं. बगळ्यानंच विचारलं.

"पुरसो, माझो वाटो खय?"

पुरसो दोन पावलं मागे सरला. पण गाबताचा, मासेमाराचा पोर, वाटा मागितला तर नाही कसं म्हणणार? एक बोय टाकली. बगळ्यानं ती चोचीत धरली, फिरवून बघितली आणि अलगद पाण्यात सोडली.

"ह्यो बारको रे. ह्याका वाढांदे."

पुरसो निघाला तरातरा. मागे बघितलं नाही. पुढे वाटेत ऊद, म्हणजे पाणमांजर, बसलेलं, दोन पायांवर, पाहुणा ओटीवर बसतो तसं. त्याचीही तीच मागणी. त्यालाही एक मासा दिला, त्यानंही हुंगून पाण्यात सोडला. आणि पुरसोच्या मागे चालायला लागलं. बगळ्याच्या मागोमाग. दोघं अगदी रांगेत.

इथवर म्हणजे काहीच नाही. ऐका पुढे.

पाटी जड व्हायला लागली. आधी वाटलं, दमलो. मग कानावर काहीतरी सपकन लागलं. हात लावून बघतो तर शेपटी. हातभर शेपटी! पाटीतली करंगळीएवढी तांबोशी चांगली मांडीएवढी झाली होती. आणि आमचा पुरसो घाबरायचा सोडून खूश झाला. म्हणाला, वाढा बाबांनो, वाढा.

ते वाढले. दोन वर्षांनी जेवढे झाले असते तेवढे तिथल्या तिथे झाले. बोय खांद्यावर लोंबायला लागली. कुर्ल्यांनी त्याचे केस धरले. दोन माणसांचं ओझं, मग चार माणसांचं. मान खाली, गुडघे वाकले, पाय घोट्यापर्यंत चिखलात. पाटी टाकायला गेला तर कुर्ल्या सोडीनात. मागून बगळा, ऊद, आणि आता बंधाच्या कडेनं पाण्यात एक मोरी, म्हणजे शार्क, काळा पर वर काढून. सगळ्यांचं एकच चाललेलं, वाटो खय, वाटो खय.

तेवढ्यात खांद्यावरची मच्छरदाणी सुटली. वारा नाही, काही नाही. आपली आपण गेली आणि समोर वाटेत उभी राहिली, पांढरी, पुरुषभर. आत कुणी नाही. पण आतून तान्हं मूल रडत होतं.

पुरसोनं आवाज ओळखला. चंपू.

आणि मच्छरदाणीनं अगदी हळू विचारलं, "हिचो वाटो खय?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेक घरी डासांत उघडी, आणि ती मोठी होऊन खाणार तो मासा ह्याच्या डोक्यावर. त्यानं खाडीला हात जोडले. "चुकलंय. सगळा परत घे, पण माझ्या चेडवाक हात लावू नको."

कुर्ल्यांनी केस सोडले. पुरसोनं पाटी पाण्यावर उलटी केली. पडता पडता मासे पुन्हा बोटभर झाले आणि भरतीत मिसळले. मच्छरदाणी खाली बसली, साधं फडकं होऊन. मागे बघितलं तर कुणी नाही. नुसतं पाणी चुळबुळत होतं.

पुरसो मच्छरदाणी उचलून धावत घरी आला. शेवंती मांडीवर चंपूला घेऊन पदरानं वारा घालत बसलेली. पोरीच्या गालांवर लाल गांधी उठलेल्या. शेवंतीनं एवढंच विचारलं, "मच्छरदाणी खय नेलात?" त्यावर जी रात्र सुरू झाली ती संपेपर्यंत पुरसोला वाटत होतं, त्यापेक्षा बंध बरा होता.

तेव्हापासून त्यानं दोन बोटं आत जातील एवढ्या मोठ्या आसाचं, म्हणजे भोकांचं, जाळं विणलं, आणि पावसाळ्यात बंधाकडेला कांदळाच्या शेंगा रोवल्या. वाडी आधी हसली, मग मागोमाग रोवायला आली.

मच्छरदाणीचा वास मात्र सात धुण्यांत गेला नाही. रोज रात्री पाळण्याखाली वाडीतली झाडून सगळी मांजरं. खोटं वाटत असेल तर चंपूला विचारा. ती काय, आता मोठी झालेली, दारात बसून हसतेय, मांडीवर मांजर घेऊन.

तर पोरांनो, अवसेला त्या बंधावरून जायचं नाही. आणि पाटीत पिल्लं असतील, तर पुनवेलाही नाही.