वसंताच्या रणगाड्यावरची माती

मंडळी, आपल्या वसंताच्या शोकसभेला तुम्ही एवढे जण जमलात. मला बोलायची सवय नाही. त्यात आज मनात राग आहे. अडखळलो तर सांभाळून घ्या.

परवा सकाळी मी वाडीतल्या माडांना पाणी सोडलं, देवाला फूल वाहिलं आणि वसंताच्या घरी गेलो. ओटीवर आपल्या मंडळाची माणसं बसली होती. मध्ये साबणाच्या पाण्याची बादली. बादलीत वसंताचे रणगाडे.

"अण्णा, केवढी माती साचली होती! घासून घासून काढली," अध्यक्ष म्हणाले. "आता होडीचा उरलेला हिरवा रंग मारतो. फोटोशेजारी मळकं कसं मांडायचं?"

वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. "भावोजी, मी नको म्हणत होते," एवढंच बोलल्या.

मंडळी, ती माती साचली नव्हती. वसंताने ती लावली होती!

फौजेत तो रणगाडा चालवायचा. चौलला परत आल्यावर तळहातावर मावणारे प्लास्टिकचे रणगाडे जोडायला लागला. डब्यातून सुटे भाग यायचे. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सगळं चकचकीत झालं की मग तो ते मळवायला बसायचा. चाकांच्या पट्ट्यांत धूळमाती, तोफेच्या तोंडाशी धुराची काजळी. जोडण्यापेक्षा मळवायला जास्त दिवस लागायचे.

मी एकदा विचारलं, "वशा, नवं कोरं का नाही ठेवत?"

म्हणाला, "अण्णा, वाळवंटातल्या एका सरावातून गाडी अशीच परत आणली. तोफेवरचा माझा जोडीदार उन्हानं गेला, आतच. ती धूळ मी कशी पुसू?"

प्रत्येक रणगाड्यावर तीच धूळ होती. ती तुम्ही साबणाने धुतलीत.

नाक्यावर त्याला 'खेळणीवाला' कोण म्हणायचं? आपणच ना? तो हसून म्हणायचा, "चाळीस टनांची गाडी हाकलीय मी. आता हातात मावते, तर सोडू व्हय?" आणि आज बॅनरवर 'रणवीर'! जिवंतपणी थट्टा, मेल्यावर होडीचा रंग!

खंडेनवमीला आपण कोयता पुजतो. हळदकुंकू लावण्याआधी मुठीवरचा हाताचा डाग कुणी खरवडतं का? सांगा ना, खरवडतं का?

टेबलावर एक रणगाडा कमी आहे. परवापासून तुम्ही मला फोन करताय, "अण्णा, तो द्या, मांडणी अपुरी दिसते." तो बादलीबाहेर राहिला होता. वहिनींना विचारून मी उपरण्यात गुंडाळून नेला. द्यावा की न द्यावा, दोन दिवस ठरत नव्हतं. सभेत भांडण नको, असंही वाटत होतं.

आता उभे राहूया. टेबलाकडे बघू नका, वसंताच्या फोटोकडे बघा आणि गप्प राहा. त्याआधी एवढंच ऐका. आज सकाळी वहिनींना बोलावून मी तो रणगाडा माझ्या देवघरात, कोयत्याशेजारी ठेवला. वहिनींनी दिवा लावला. वसंता, नमस्कार घे. धूळ तशीच आहे.