दिवेआगरचं थाई जेवण

मला सांगा, नवरा एक म्हणतो आणि बायको दुसरं, तर विश्वास कुणावर ठेवायचा?

दिवेआगरला आपला प्रकाश आणि त्याची थायलंडची बायको माली हॉटेल चालवतात. नारळ माझ्याकडून जातात. पाटीवर 'थाई जेवण' असलं, तरी पर्यटकांना मिळतं पनीर घातलेलं गोडसर कालवण. पहिल्या खेपेला नारळ उतरवले, तेव्हा माली मोडक्या मराठीत म्हणाली, "शेठ, जेवलात?"

आमची ही गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही." तर तिने स्वतःसाठी केलेलंच आणून वाढलं. सुकटीचा वास, लिंबाचा आंबटपणा आणि मिरची अशी, की नाकाडोळ्यांतून पाणी! खरं थाई जेवण काय ते तेव्हा कळलं. मग दर खेपेला ती विचारायची, मी "नाही" म्हणायचो, आणि दोघं समोरासमोर बसून जेवायचो.

एकदा प्रकाश हसत म्हणाला, "अहो शेठ, त्यांच्यात 'जेवलात?' म्हणजे नुसता नमस्कार. आपण 'हो' म्हणायचं नि सुटायचं."

मी शरमेने अर्धा झालो. पुढच्या खेपेला तिने विचारल्याबरोबर उपाशीपोटी म्हटलं, "हो हो, भरपेट!"

टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. त्यातलं एक तिने गुपचूप उचललं.

"प्रकाश नाही जेवायचा?" मी विचारलं.

"त्याला आवडत नाही हे. मी एकटीच जेवते."

तेव्हा हात जोडून सांगतो, कुणी जेवलात का विचारलं, तर पोटाचा हिशेब खरा द्या.