इकत घेतलाय, भाड्यानं न्हाई

...न्हाई, पण मला एक सांगा, तुमी बैल घेतला, दावणीला बांधला, आन् दुसऱ्या दिवशी इकणारा दारात येऊन म्हणला की, 'बैल तुमचा, पण त्याच्या तोंडात बगायचं न्हाई, बगितलं तर आमची जबाबदारी संपली,' तर तुमी काय कराल? त्याला बसा म्हणून च्या पाजाल? आन् हितं मी साताऱ्याच्या सर्विस सेंटरमधी हुबा, माझाच लॅपटॉप माझ्याच हातात, आन् काउंटरवरची पोरगी मला गोड हसून सांगती, "सर, तुम्ही ओपन केला तर वॉरंटी जाते." म्हणलं, ताई, जाऊ दे की... न्हाईतर अशी कुठं कामाला येतीया ती? मी इकत घेतलाय, भाड्यानं न्हाई.

थांबा, तुमास्नी पयल्यापासनं सांगतो. मी लालासाहेब, कडेगावचा. धंदा इचाराल तर बैलगाडी शर्यतीत निकाल दावायचा. म्हंजे कसं, शर्यतीच्या शेवटच्या रेघेवर आपला कॅमेरा वर खांबाला बांधलेला, त्याची वायर खाली टेबलावर लॅपटॉपला. गाड्या सुटल्या की सगळं चित्र लॅपटॉपमधी साठत जातं. दोन गाड्या संगट आल्या, भांडण लागलं, की पंच माझ्याकडं येतो, मी चित्र मागं घेतो, हळूहळू सोडतो, आन् बोट ठिवून दावतो... हे बगा, ह्या बैलाचं नाक पुढं. झालं, तिथं इषय संपला. ह्या कामाला ताकद लागत न्हाई, आवाज लागत न्हाई, लोकांचा इश्वास लागतो. तो माझ्यावर हाय. हुता म्हणा.

आदी माझ्याकडं काय हुतं, सांगलीत जोडून घेतलेला कंप्युटर. पेटीवाला. त्याचं झाकाण कवाच पडलं हुतं, सुतळीनं बांधायचो. धूळ बसली की सायकलच्या पंपानं फुकायचो. पंखा गेला, दुसरा घातला. मेमरी गेली, दुसरी घातली. आतलं सगळं एकेक करून बदललं आसंल, पण गडी कवा भर मैदानात आडवा पडला न्हाई. पण लोकं काय, लोकास्नी दिसायला लागतं. "लाला, ही काय पेटी आणलीस गड्या, आत नाग हाय का?" असं म्हणायची. कमिटीवालं म्हणलं, "औंदाला ब्रँडेड आणा, पाव्हणं येणार हायत." आता आपल्याला बी जरा वाटतंच की. गेलो साताऱ्याला. दुकानदार म्हणला, "सर, हात फिरवून बघा, कुठं एक स्क्रू दिसतोय का?" मला वाटलं कौतुक करतोय. आवं, तो धोक्याची सूचना देत हुता, मलाच कळली न्हाई.

तर मैदान आमच्या कडेगावच्याच माळावर. बक्षीस पयलं, बुलेट गाडी, हार घालून स्टेजवर हुबी केलेली. फायनलला सगळ्या तगड्या गाड्या, पण लोकांचं डोळं दोनच गाड्यांवर. एक आमच्या भाऊसोची. भाऊसो म्हंजे ऊसवाला माणूस, आवाज असा की चालू ट्रॅक्टरवरनं बोलला तरी शेजारच्या रानात ऐकू येतंय. आन् दुसरी आटपाडीकडच्या धुळाची. धुळाचं घराणं मेंढरांमागं फिरणारं, त्येनं खिल्लार खोंड बाटलीनं दूध पाजून वाढीवलेला, माणूस बोलायला कमी, पण बैलाच्या अंगावरनं हात फिरवायला लागला की बैल डोळं मिटायचा. झेंडा पडला, गाड्या सुटल्या, आन् जे काय धुळीचं ढग उठलं... मधल्या दोन तासांतनं भाऊसो आन् धुळा खांद्याला खांदा लावून आलं. तास म्हंजे गाडी पळायची पट्टी, घड्याळातला न्हवं. रेघ वलांडली, पंचानं झेंडा टाकला, आन् माझ्याकडं बगितलं. म्हंजे त्येला बी कळलं न्हवतं.

सगळं मैदान माझ्या टेबलावर पालथं पडलं. भाऊसो म्हणतोय, "लाला, दाव." धुळा म्हणतोय, "दावा, सायेब." मी बटणावर बोट ठिवलं, चित्र मागं घ्याया लागलो, आन् पडदा काळा. निसता काळा. परत बटण दाबलं. न्हाई. धरून ठिवलं. न्हाई. चार्जर काढला, घातला, इज तपासली, जनरेटर चालू, सगळं चालू, आन् हा ब्रँडेड गडी गप. तुमी म्हणाल, मोबाईलवाल्यांनी काढलं नसंल व्हय? काढलं की. भाऊसोच्या पोरांच्या मोबाईलात भाऊसो पुढं, धुळाच्या माणसांच्या मोबाईलात धुळा पुढं. ज्याचा मोबाईल त्याचा बैल. एकानं मला इचारलं, "लाला, किती घेतलंस रं बंद पडायचं?" ते लय लागलं. मी माईक घेतला आन् सांगितलं, निकाल ह्या लॅपटॉपच्या पोटात हाय, ह्यो मी काढून आणीन, तवर बुलेट कुणाला द्याची न्हाई. कमिटीनं बुलेट देवळाच्या सभामंडपात नेऊन कुलूप लावलं, हारासकट.

म्हणून मी साताऱ्याला. एकटा गेलो न्हाई, बरं का. भाऊसो म्हणला, "मी येणार, मधी काय बदलाबदल झाली तर?" धुळाला कळलं, तो आटपाडीवरनं पयल्या एस्टीनं हजर. दोघं माझ्या गाडीत, एक पुढं एक मागं, एकमेकाशी शब्द न्हाई. कराडला च्या प्यायला थांबलो तर दोघांनी दोन टेबलं धरली, आन् मी मधी हुबा.

काउंटरवर शिवांजली म्हणून पोरगी. तिनं लॅपटॉप आत पाठवला, आमी बसलो, मग म्हणती, "सर, मदरबोर्ड गेलाय. वॉरंटीत नवीन टाकून देतो आम्ही." भाऊसो खूश. "बग, कंपनी ती कंपनी." मग ती हळूच म्हणती, "फक्त डेटा जाईल." म्हणलं, डेटा म्हंजे? "म्हणजे आत जे साठवलंय ते सगळं, सर." म्हणलं, ताई, तेच तर पायजे. मेमरी काढून माझ्या हातावर ठिवा, बोर्ड तुमास्नी लखलाभ. तर म्हणती, "सर, ह्या मॉडेलमध्ये मेमरी निघत नाही. बोर्डवरच फिक्स असते." म्हणलं, का? "स्लिम आहे ना सर." आवं, स्लिम हाय म्हणून काय झालं, बारीक माणसाचं खिसं शिवत्यात व्हय? म्हणलं, बोर्डाला काय झालंय ते तरी सांगा, तेवढंच नीट करा. "आम्ही रिपेअर करत नाही सर, रिप्लेस करतो." तवा धुळा पयल्यांदा बोलला. "म्हंजे पोरी, माणूस आजारी हाय म्हणून आणला, तर तू माणूसच दुसरा देतीस?" पोरीनं हातातलं पेन खाली ठिवलं. मग म्हणती, "आजोबा, मला वरून जेवढं सांगितलंय तेवढंच मी बोलते."

आन् तिनं एक कागद फुडं केला. डेटा गेला तर माझी तक्रार न्हाई, हितं सही करा. म्हणलं, न्हाई करत. "मग सर, हेल्पलाईनला बोला." लावला फोन. आदी गाणं. मग बाई, 'आपकी कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है.' परत गाणं. मग एक बाबा आला, "सर, क्या आपने डिवाइस को रीस्टार्ट करके देखा?" म्हणलं, दादा, मेलेल्याला ऊठ म्हणून बगितलं का, असं इचारताय तुमी. "सर, मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ." न्हाई समजत, म्हणलं, तुमच्या गावात बुलेट कुलपात अडकल्याली न्हाई. फोन कट.

मग मी तिथंच बसलो. म्हणलं, एक तर दुरुस्त करा, न्हाईतर माझा मला जसाच्या तसा परत द्या, पण सही करणार न्हाई. मी इकत घेतलाय, भाड्यानं न्हाई. भाऊसो बसला, धुळा बसला. तिथली ती पांढरी मऊ खुर्ची, वर गार हवा, आन् धुळा पटका सोडून कानाला गुंडाळतोय. दुपारी धुळानं पिशवीतनं भाकरी काढली, तर भाऊसोकडं काय न्हाई. बगत बसला. धुळानं अर्धी भाकरी मोडून, तोंड दुसरीकडं करून, हात तेवढा फुडं केला. भाऊसोनं बी तोंड दुसरीकडं करूनच घेतली. जरा येळानं ऐकतोय तर भाऊसो इचारतोय, "खोंडाला काय चारता हो पाव्हणं?" मोठा सायेब आला, म्हणला, "असं बसता येणार नाही." भाऊसोनं त्याच्या रानातला आवाज काढला. "का बसता येणार न्हाई? माणूस चोरीचा माल घिऊन आलाय का हितं? पैसं दिल्यात. मग ही वस्तू कुणाची ते सांगा आदी." काचा वाजल्या, देवाशपथ. शेवटी शिवांजलीनं लॅपटॉप परत दिला. म्हणली, "ग्राहकाने दुरुस्ती नाकारली, असं लिहिते सर." म्हणलं, लिवा. मोठ्या अक्षरात लिवा.

घरी आलो तर आमची राजेश्वरी म्हणती, "निसतं भांडून काय चालू हुतोय का तो? सांगलीला रेश्माताईकडं न्या. माझ्या शिलाई मशीनचा बोर्ड गेला हुता, कंपनी नवीन मशीन घ्या म्हणत हुती, तो तिनंच केला." म्हणलं, हे आदी का न्हाई सांगितलंस? म्हणती, "तुमी आदी इचारलं का? तुमास्नी ब्रँडेड पायजे हुतं."

रेश्माताई म्हंजे शिकलेली इंजिनेर, पुण्यात असल्याच एका कंपनीच्या सर्विस सेंटरला हुती. रोज चांगलं चांगलं बोर्ड फेकून द्याचं जिवावर आलं म्हणून सोडून सांगलीत दुकान टाकलं. पण तोंडाची लय फटकळ. आमी तिघं दारात हुबं बगून पयल्याच झटक्याला म्हणली, "गर्दी कशाला आणलीय?" मग झाकाण खोललं... आन् तो खाली लपीवलेला स्क्रू, त्याचं तोंड असलं इचित्र की माझ्या घरातला एक पेचकस लागंल तर शप्पत. आत बॅटरी डिंकानं चिकटीवलेली. ती म्हणली, "बघा, तुमचं आहे, पण तुम्हाला उघडता येऊ नये म्हणून किती मेहनत घेतलीय." चार्जिंगच्या वाटेवरचा एक बारका तुकडा जळला हुता, तिळाएवढा. म्हणलं, एवढ्यासाठी आख्खा बोर्ड? म्हणली, "हा तुकडा कंपनी कुणाला विकतच नाही. आणि होईल असं मी म्हणत नाही, आधीच सांगते." मग तिनं असल्याच एका मेलेल्या लॅपटॉपचा तुकडा काढून गरम हवेच्या नळीनं ह्येला बसीवला. चालू केलं. न्हाई. भाऊसोनं कपाळाला हात लावला. तिनं परत भिंग लावून बगितलं, शेजारचा अजून एक तुकडा उचकटला, दुसरा बसीवला. "आता शेवटचं," म्हणली.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला. काय सांगू तुमास्नी, धुळानं बैलाला फिरवावा तसा त्या लॅपटॉपच्या पाठीवरनं हात फिरीवला. भाऊसो म्हणला, "लाला, आता कुणाचा बी निकाल लागू दे, तू खोटा न्हाईस." हे ऐकून डोळं भरलं माझं. आयला, म्हणलं, जिकलो. कंपनी म्हणली व्हनार न्हाई, झालं. सही मागितली, दिली न्हाई. चित्र काढलं, मागं घेतलं, हळूहळू सोडलं. धूळ... धूळ... मधल्या दोन तासांत भाऊसोचा बैल, धुळाचा बैल, नाकाला नाक... आन् पार कडेच्या तासात, धुळीच्या भिताडामागनं, दोघांच्या एक हात फुडं एक पांढरं नाक. परत मागं घेतलं. परत सोडलं. नाक तिथंच. कोरेगावच्या ज्ञानूची गाडी. आवं, तिच्याकडं कुणी बगितलंच न्हवतं. ना पंचानं, ना मोबाईलवाल्यांनी. ज्ञानू तर तवाच बैल टेम्पोत घालून घरला गेला हुता.

मग धुळा हळूच म्हणला, "ताई, हा परत बंद पडत न्हाई व्हय?" आन् भाऊसो, ज्याचा आवाज रानात जातो, तो कानात बोलावं तसं म्हणला, "लाला, कंपनी काय वाईट न्हाई रं... बोर्ड बदलूनच घिऊ की." दोघं पयल्यांदा एका बाजूला. म्हणलं, न्हाई. लॅपटॉप माझा, निकाल माझ्या तोंडचा, जो हाय तो हाय. मी इकत घेतलाय, भाड्यानं न्हाई. तिथनंच ज्ञानूला फोन लावला. तो धारंला बसला हुता. म्हणला, "कसली बुलेट?" त्याला पटवायलाच माझा निम्मा चार्ज गेला. येऊन घिऊन गेला, वाळल्या हारासकट.

लॅपटॉप तवापासनं झकास चाललाय. वॉरंटी गेली, जाऊ दे. भाऊसो आन् धुळा आता जिवाभावाचं दोस्त झाल्यात, एकमेकाच्या गोठ्यावर मुक्कामाला जात्यात, औंदा दोघांनी मिळून एक खोंड घेतलाय म्हणं... त्येंचं सगळ्यांशी लय चांगलं हाय. बोलत न्हाईत ते निसतं माझ्याशी.