प्रांजलचा डावा पाय

मंडळी, मला एक सांगा — जे अंग आपल्याला जिंकून देतं, त्याचेच लाड करावेत की नाही? नुसत्या माना डोलवू नका, विचार करून सांगा! नाही ना सांगता येत? मग ऐका.

खाडीकाठचं एक गाव. तिथली प्रांजल भोईर, नववीतली पोर. कबड्डीत चढाईला गेली, की उजव्या पायाची लाथ अशी बसायची — समोरची बाद! गावाने त्या पायाचं काय कौतुक केलं म्हणता! तेल उजव्या पायाला, काळा दोराही उजव्याच पायात. डाव्याला कोण विचारतो? तो बिचारा नुसता भार सोसत उभा!

एकदा कबड्डी शिकवणाऱ्या मोहिनीताईंनी सगळ्या पोरींना डोळे मिटून एका पायावर उभं केलं. उजव्यावर प्रांजल खांबासारखी. डाव्यावर आली मात्र — भेलकांडली, थेट शेजारणीच्या गळ्यात! पोरी हसल्या, ताई हसल्या नाहीत. दोन पायांत फार फरक पडलाय, म्हणाल्या, हा डावा गुडघा एक दिवस दगा देणार. तो सावरला नाही, तर जिल्ह्याच्या स्पर्धेत तुला उतरवणार नाही.

प्रांजल त्या दिवशी जेवली नाही. ज्या पायाने चषक आणले त्याला बंदी? पण खेळायचं तर होतंच! मग दात घासताना डाव्या पायावर, भांडी विसळताना डाव्या पायावर. शेजारीण विचारी, बगळा झालीस काय गं? सरावात डाव्याने लाथ मारायची — लाथ हवेत, पोर जमिनीवर! चिडली, रडली, पण सोडलं नाही. शेवटी डोळे मिटून डाव्यावरही खांबासारखी उभी राहिली, तेव्हाच ताईंनी तिला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरवलं.

आणि आला अंतिम सामना! शेवटची चढाई, एका गुणाने मागे. समोरच्या पोरींना ठाऊक, हिचा उजवाच पाय येणार. आला — आणि कोपऱ्यातलीने घोटा गच्च धरला! दुसरी कमरेला, तिसरी खांद्याला! मंडळी, आता सगळं वजन कुणावर? त्या डाव्यावर! गुडघा वळला असता तर सामना राहू द्या, पोर चालायची मुश्कील. ताईंनी डोळे मिटले. प्रांजलच्या मनात एकच — टिक रे बाबा, टिक.

टिकला! थरथरला, पण मुडपला नाही! त्याच पायावर उड्या घेत, तिघींना ओढत तिने अंग झोकलं. बोटं मध्यरेषेला टेकली — तिघीही बाद! मैदान नुसतं दणाणलं! लोक तिला उचलायला धावले, तर ही खाली बसून डावा गुडघा कुरवाळतेय. म्हणाली, "तुला मी कधी विचारलंच नाही रे."

हसता काय, डोळे काय पुसता? तुमच्या घरी काय चाललंय? जो करतो त्याच्यावरच सगळं लादता, आणि जो गप्प उभा, त्याला बिनकामाचा म्हणता! अहो, अडचण आली की पहिला धरला जातो तो तुमचा कर्ता मुलगा. त्या दिवशी घराचा भार कुणावर येणार? उद्या सकाळी एक काम त्या दुसऱ्याच्या हाती द्या. चुकेल, चुकू द्या. पडेल, पडू द्या. पण आज जेवायला बसाल, तेव्हा आधी त्याला वाढा.