वैशालीची चढाई

अरे, इथे अमेरिकेत आमच्या बॉथेलच्या ऑफिसात दोन ऑस्ट्रेलियन आहेत. सिडनीचा ग्रेग रग्बी लीगवाला, मेलबर्नचा टॉम ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाला, म्हणजे उंच उड्या मारून बॉल झेलतात तो खेळ. परवा पार्कात आम्ही सगळे जेवायला जमलो, तर तिथेही दोघांची जुंपली.

ग्रेग म्हणाला, "तुमच्यात नुसत्या उड्या. अंगावर येणाऱ्याला अडवायला धमक लागते."

टॉम म्हणाला, "आणि तुमच्यात नुसती धडकाधडकी. चपळाई कुठाय?"

माझी बायको वैशाली नागपूरला कॉलेजच्या टीममधून कबड्डी खेळायची. मी मात्र तिला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं प्लेट ठेवली आणि ओढणी गवतावर लांब पसरली.

"ही रेषा. एकाला शिवून मी इथे परत येणार. दोघं मिळून मला अडवा."

दोघं हसले. ती एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत आत शिरली, टॉमच्या खांद्याला शिवली आणि वळली. ग्रेगनं झेप घेऊन तिचा पाय धरला. ती पडली, पण दम न सोडता ग्रेगला घेऊनच सरपटली आणि ओढणीवर हात टेकवला.

"दोघंही आउट," ती कपडे झटकत म्हणाली.

सोमवारी टॉमनं नव्या मॅनेजरशी माझी ओळख करून दिली, "हा वैशालीचा नवरा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं भारी डेसिग्नेशन मला कुणी दिलं नव्हतं, यार.