लिंडनखालची रोझा

हवेलीच्या जुन्या तबेल्यात आता कॅफे आहे. वाफलच्या रांगेत गुन्वोर नावाच्या आजी उभ्या होत्या. त्यांची थोरली बहीण बाग बघून परतली, ती पांढरीफटक होऊनच.

“रोझाताई, काय गं झालं? भूत बघितलंस की काय?”

“गुन्वोर, आपल्या आईचं खरं नाव काय होतं?”

“मार्गारेता. आज हे काय नवीन?”

“मग इथे तिला रोझा का म्हणायचे?”

“अगं, ती इथे मोलकरीण म्हणून लागली, तेव्हा मालकांची मुलगीही मार्गारेताच होती. एका घरात दोन नकोत म्हणून बाईसाहेबांनी हिचं नाव बदललं.”

“लाडानं बदललं, असं आई म्हणायची.”

“म्हणून तर तुझंही तेच ठेवलं! मी किती जळायचे तुझ्यावर.”

“तिकडे लिंडनच्या झाडांखाली त्यांच्या कुत्र्यांची थडगी आहेत.”

“श्रीमंतांची थेरं, दुसरं काय!”

“एका दगडावर लिहिलंय, ‘आमची आज्ञाधारक रोझा’.”

“असेल गं. कुत्रीचं नाव काय, कुणी काहीही ठेवतं.”

“दगडावर सालही आहे. ती कुत्री मेली, त्याच वर्षी आई इथे कामाला लागली.”

“काहीतरीच काय बोलतेस, ताई!”

“जा, स्वतः वाचून ये.”

गुन्वोर जागची हलली नाही.

“पुढे या, आजी!” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “नाव सांगा. वाफल झालं की हाक मारते.”

गुन्वोरने बहिणीचा हात घट्ट धरला.

“मार्गारेता,” थोरली म्हणाली. “मोठ्यानं मार हं हाक.”