निरंजनले दोन दात आले

"हॅलो?… हव आई, बोल. झालं सगळं. झोपून राहिला तो."

रायपूरच्या शंकर नगरातल्या दातांच्या दवाखान्यात, बाकावर, क्षमा चार वर्षांच्या अनिमेषला मांडीवर घेऊन बसली होती. फोन नागपूरहून तिच्या आईचा, वनमालाबाईंचा. अनिमेषला तीन वर्षं त्यांनीच सांभाळलं होतं. दिवाळीपासून त्या लेकाकडे होत्या, नव्या नातवाला, निरंजनला, सांभाळायला.

"दोन काढले… वरचे, समोरचे. किडून पू झाला होता न आतमध्ये… हो, हो, पडणारच होते. पण सातव्या वर्षी, आई! चौथ्या नाही… रडला म्हणजे? मी अन् सिस्टर, दोघींनी धरून ठेवला… अगं ऐक ना. डॉक्टर दीदी म्हणे, इतक्या उशिरा काहून आणलं? पहिला दात आला की दाखवून जायचं, नाही तर पहिल्या वाढदिवसापर्यंत तरी… हो, आपल्याले कोणी दाखवलं नव्हतं, माहीत आहे मले."

तिनं डोळे मिटून घेतले. पायाला मुंग्या आल्या होत्या, पण हलली तर पोट्टा उठला असता.

"आई?… रडू नको न. तू काय मुद्दाम केलं?… अगं, मी नवा रायपूरच्या बसनं सकाळी ऑफिसले जायची, संध्याकाळी सातले यायची. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायचा तो, त्यानंच किडले दात; मले दिसत नव्हतं का? दिसत होतं. शांत झोपते, म्हणून मीही गप्प बसली… नाही, एकटीची चूक नाही तुझी."

मग तिच्या मनात भाच्याचा विचार आला.

"आई, निरंजन किती महिन्यांचा झाला?… अकरा. अन् दात?… दोन आले! त्याले कसा झोपवते तू?… आई. खरं सांग."

क्षमानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हं… म्हणजे तशीच, बाटली देऊन. वहिनीले माहीत आहे?… मग सांग. आजच… रागावली तर रागावू दे. मी नाही सांगत, आई. मी सांगितलं तर चुगली होते… दे, फोन दे तिले."

क्षमानं अनिमेषच्या ओठावरची लाळ रुमालानं टिपली.

"हॅलो, सुनीती वहिनी?… हव, बरा आहे. वहिनी, आईले तुमच्याशी बोलायचं आहे… निरंजनचंच. जरा बसा तिच्याजवळ. अन् तिचं पूर्ण होऊ द्या, मधी बोलू नका… बस, इतकंच. ठेवते."